हुतात्मा चौक बघायचा तर राहिलेलं अंतर चाला

31 वर्षं मी फोर्टातल्या एका बँकेत नोकरी केली. सकाळी चर्चगेटला उतरायचं, वीर नरिमन रस्त्याने नाकासमोर चालत फाउंटनला, म्हणजे हुतात्मा चौकात, यायचं आणि गल्लीत वळायचं. संध्याकाळी उलटं. सुट्ट्या, रजा, संप वजा केले तरी या चौकातून मी पंधरा-सोळा हजार वेळा गेले असेन. थांबले एकदाही नाही. मस्टर गाठायची घाई असलेल्या माणसाला चौक म्हणजे सिग्नल, तो कधी सुटतो एवढंच बघायचं असतं.

निवृत्त झाल्यावर नागपूरहून भाची आली. इतिहासात एम. ए. करणारी, आणि प्रश्न विचारायची खोड जन्मजात. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या स्मारकासमोर उभी राहून म्हणाली, "मावशी, हे लोक चालले कुठे होते?" मी ठामपणे नरिमन पॉइंटच्या दिशेने बोट केलं. म्हटलं, "विधान भवनावर मोर्चा होता." शेजारच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा ठेला आहे. तिथे पुस्तकं चाळत असलेल्या एका आजोबांनी मानही वर न करता सांगितलं, "बाई, पंचावन्न साली तिथे पाणी होतं. मोर्चा रीगल सिनेमाकडे चालला होता."

मी बोट खाली घेतलं. त्यानंतर घरी जाऊन वाचलं, पुन्हा आले, पुन्हा वाचलं. आता पाहुणे आले की त्यांना मीच घेऊन जाते. कुणी विचारलं की "हुतात्मा चौकात बघण्यासारखं काय आहे?", तर खरं उत्तर असं की नुसतं बघण्यासारखं फार नाही. दहा मिनिटांत फोटो काढून होतो. पण तीन तास हाताशी असतील आणि चालायची तयारी असेल, तर मी सांगते तसं करा.

दिवस कोणता

रविवारची सकाळ, साडेसात ते दहा. बँका, वकील आणि दलाल घरी झोपलेले असतात आणि फोर्ट रिकामा असतो. दगडी इमारतींवर ऊन तिरकं पडतं, मान वर करून चालता येतं. इतर दिवशी मान वर केलीत तर मागून धक्का मिळतो. उच्च न्यायालयात आत जायची इच्छा असेल तर मात्र कामकाजाचाच दिवस निवडावा लागेल. त्याबद्दल पुढे सांगते.

1 मे आणि 21 नोव्हेंबर (चौकातल्या गोळीबाराचा दिवस) या दोन तारखांना सकाळी जाऊ नका. मुख्यमंत्री, मंत्री, सगळ्या पक्षांचे पुढारी पुष्पचक्र वाहायला येतात. बॅरिकेड लागतात आणि तुम्हाला गाड्यांच्या काचा सोडून काही दिसत नाही. त्याच दिवशी दुपारी चारनंतर मात्र जरूर जा. गर्दी पांगलेली असते, झेंडूचा वास असतो, आणि कुणीतरी एखादी म्हातारी बाई किंवा कामगार संघटनेचे चार लोक आपापला छोटा हार घेऊन आलेले असतात. मला तरी पुष्पचक्रांपेक्षा तो हार बघायला आवडतो.

पावसाळ्यात आलात तर छत्री असू द्या, पण सीएसएमटीहून दादाभाई नौरोजी रस्त्याने या. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींखालून कमानीदार पदपथ आहेत. पाऊस कोसळत असला तरी बरीचशी वाट कोरडी निघते.

पोहोचायचं कसं

चर्चगेटहून आठ-दहा मिनिटं, सीएसएमटीहून बारा-पंधरा. टॅक्सीवाल्याला "हुतात्मा चौक" म्हटलं तरी चालतं, पण जुना टॅक्सीवाला "फाउंटन" म्हटल्यावर पटकन मीटर टाकतो. आम्ही बँकेतले लोकही फाउंटनच म्हणायचो. हुतात्म्यांचा अनादर म्हणून नव्हे, तोंडात बसलं होतं म्हणून.

ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रोही आली आहे, मेट्रो 3. स्टेशनचं नावच हुतात्मा चौक. माझा आग्रह असा की शक्य असेल तर वरळीहून बसा, कारण तिथल्या स्टेशनचं नाव आचार्य अत्रे चौक आहे. अत्र्यांनी 15 नोव्हेंबर 1956 ला 'मराठा' हे दैनिक काढलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला त्यातून रोजचा दारूगोळा पुरवला. त्यांच्या नावाच्या स्टेशनात चढायचं आणि हुतात्म्यांच्या नावाच्या स्टेशनात उतरायचं. मेट्रोवाल्यांच्या हे ध्यानीमनीही नसेल, पण इतिहासाचं तिकीट इतकं स्वस्तात एरवी मिळत नाही.

आधी कारंजं, मग स्मारक

बाहेर आलात की समोर दोन गोष्टी दिसतील. एक पांढुरकं, नक्षीदार कारंजं, वर रोमन देवी फ्लोरा. आणि त्याच्या शेजारी शेतकरी व कामगार हातात मशाल घेऊन उभे असलेलं स्मारक. बहुतेक लोक स्मारकाकडे पाठ करून कारंज्याचा फोटो काढतात. फोटोसाठी कारंजं सुंदर आहे, वाद नाही.

कारंज्याला पाच मिनिटं द्या. 1864 सालचं आहे. मुळात हे राणीच्या बागेत बसवायचं ठरलं होतं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ या इंग्रज वास्तुकाराचा, मूर्तिकाम जेम्स फोर्सिथचं, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंड. खर्च 47,000 रुपये, त्यातले 20,000 कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांचे. ते बागेऐवजी इथे आलं, आणि इथे म्हणजे कुठे, तर जुन्या मुंबई किल्ल्याचा चर्च गेट हा दरवाजा जिथे होता त्या ठिकाणी. 1860च्या दशकात तटबंदी पाडली, तेव्हा दरवाजाही गेला. फोर्ट हे नाव आणि चर्चगेट हे नाव, दोन्ही त्या पाडलेल्या भिंतीची. ज्या चर्चवरून दरवाजाला नाव पडलं ते सेंट थॉमस कॅथीड्रल, 1718 सालचं, चालत पाच मिनिटांवर अजून उभं आहे.

2018 साली कारंज्याची डागडुजी चालू असताना खोदकामात ट्रामच्या रुळांचे अवशेष सापडले. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. म्हणजे ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे त्या दिवशी या चौकात ट्राम होती. एवढं डोळ्यांसमोर आणलंत की पुढचं चित्र नीट बसतं.

तो दिवस 21 नोव्हेंबर 1955, सोमवार.

मागची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पाहुण्यांना ती अर्धवट माहीत असते आणि अर्धवट माहिती माझ्या बोटासारखी चुकीच्या दिशेला जाते. राज्यांची भाषेनुसार फेररचना करायला फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. 1955 च्या शरदात त्याचा अहवाल आला. आंध्र, केरळ, कर्नाटक या भाषिक राज्यांना त्याने मान्यता दिली. मराठी आणि गुजराती लोकांना मात्र एकत्र, द्विभाषिक राज्य सुचवलं, आणि विदर्भ वेगळा. त्यावरून गदारोळ झाला तेव्हा काँग्रेसकडून तीन राज्यांचा तोडगा पुढे आला: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर वेगळं. गिरणगावातल्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. भोंग्याच्या आवाजावर आपण जी मुंबई चालवतो, ती आपल्या राज्यात नाही.

20 नोव्हेंबरला, रविवारी, चौपाटीवर काँग्रेसची सभा झाली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि स. का. पाटील बोलायला उभे होते. लोकांनी ती सभा उधळली. दुसऱ्या दिवशी शहरात संप होता. गिरण्या बंद. माणसांचे लोंढे दक्षिणेकडे निघाले, कारण विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं आणि तिथे मुंबईच्या प्रश्नावर चर्चा व्हायची होती. पोलिसांनी त्यांना फाउंटनला अडवलं. लाठी, अश्रुधूर, मग गोळ्या. त्या दिवशीच्या गोळीबारात 15 माणसं गेली.

खरा वणवा त्यानंतर पेटला. 16 जानेवारी 1956 ला पंडित नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर केलं. पुढचा आठवडाभर शहरात ठिकठिकाणी गोळीबार झाले. हुतात्म्यांपैकी बहुतेक त्या आठवड्यातले आहेत आणि ते या चौकात पडलेले नाहीत. गिरगाव, लालबाग, परळ, काळाचौकी, गल्ल्या आणि चाळींच्या तोंडाशी. म्हणून "इथे 105 माणसं मारली गेली" असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. चौक हा सगळ्यांच्या वतीने निवडलेला एक पत्ता आहे.

आकड्याचंही तसंच. कुणी 105 म्हणतं, कुणी 106, कुणी 107. मी पूर्वी यावर वाद घालायचे. आता एक वेगळा उद्योग करते, आणि या सगळ्या फेरफटक्यात तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर हीच करा.

नावं वाचा, मोठ्याने

घरून निघताना हुतात्म्यांच्या नावांची यादी कागदावर उतरवून आणा. ती अनेक ठिकाणी छापलेली आहे. मोबाईलवर नको, कारण मध्येच कुणाचा तरी "गुड मॉर्निंग" येतो. स्मारकाजवळ सावली बघून उभे राहा आणि निदान पहिली वीस नावं मोठ्याने वाचा. लाज वाटेल. मलाही वाटली होती. सातव्या-आठव्या नावापर्यंत जाते ती.

पहिलं नाव सीताराम बनाजी पवार. ठीक, अपेक्षित. दुसरं जोसेफ डेव्हिड पेजारकर. इथे भाची थांबली. तिसरं चिमणलाल डी. शेठ. पुढे शंकर खोटे, धर्माजी गंगाराम नागवेकर, आणि मग के. जे. झेवियर, पी. एस. जॉन, वेदीसिंग, रामचंद्र भाटिया.

"मावशी, हे सगळे मराठी?"

मी म्हटलं, "तूच सांग."

शाळेपासून आपल्याला ही गोष्ट "मराठी माणसाने मुंबई मिळवली" अशी एका ओळीत सांगितली जाते. ती ओळ खोटी नाही, पण त्या यादीवर ती पुरती बसत नाही. या माणसांपैकी कोण घोषणा देत होता, कोण नुसता कामावरून परतत होता, कोण बघायला थांबला होता, हे नाव वाचून कळत नाही. गोळीला आडनाव विचारायची सवय नसते. पण यादीत ती सगळी आली आणि कुणी त्यांना वगळलं नाही, ही मला या चौकातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. मशालीपेक्षाही.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना प्रत्येकी तीन नावं वाटून द्या आणि वाचायला लावा. तारखा पाठ करण्यापेक्षा हे लक्षात राहतं. माझ्या शेजाऱ्यांचा नऊ वर्षांचा मुलगा अजून मला विचारतो, "काकू, त्या धर्माजीचं पुढे काय झालं?"

चबुतऱ्यावर चढून बसू नका, हारांवर पाय देऊन सेल्फी काढू नका. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

भाचीचा मुद्दा

नागपूरच्या माणसाला बरोबर आणलंत तर हा भाग तुमच्या आधी तेच सुरू करतील. भाची म्हणाली, "आमच्याकडे 1 मे ला काही लोक काळा दिवस पाळतात, ठाऊक आहे ना?" ठाऊक होतं, पण या चौकात उभं राहून ऐकलेलं नव्हतं. आयोगाने वेगळा विदर्भ सुचवला होता, तो झाला नाही. त्याआधी 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला, त्यात विदर्भ-मराठवाड्याला वाट्याची हमी होती, आणि विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरतं ते त्याच कराराच्या पोटी. हमी किती पाळली यावर तिचं मत वेगळं, माझं थोडं वेगळं. आम्ही चौकात भांडलो. तुम्हीही भांडा, चौक त्यासाठीच असतात.

बेळगावचा पाहुणा असेल तर तो 17 जानेवारीबद्दल बोलेल. सीमाभागात तो हुतात्मा दिन असतो, 1956 च्या गोळीबाराची आठवण म्हणून. त्यांच्या माणसांनी जीव दिला आणि ती गावं महाराष्ट्रात आलीच नाहीत. अहमदाबादचा पाहुणा असेल तर तो 8 ऑगस्ट 1956 सांगेल. तिथे भद्र भागात काँग्रेस भवनासमोर महागुजरात, म्हणजे वेगळं गुजरात राज्य, मागायला गेलेल्या तरुणांवर गोळ्या झाडल्या गेल्या. एकाच द्विभाषिक राज्याने दोन्ही बाजूंना हुतात्मे दिले. मुंबईत हे फार कमी बोललं जातं, म्हणून मी मुद्दाम बोलते.

आणि ही चळवळ एका पक्षाची नव्हती, हेही सांगा. 6 फेब्रुवारी 1956 ला पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात प्रजासमाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होती. एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट, क्रांतिसिंह नाना पाटील, दादासाहेब गायकवाड एका व्यासपीठावर. आज यांच्यातल्या कुठल्याही दोघांच्या वारसांना एका चहाच्या टपरीवर उभं करून दाखवा. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर या शाहिरांनी तर भाषणं न समजणाऱ्यांपर्यंत ती मागणी नेऊन पोहोचवली. तिकडे दिल्लीत चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. 1 नोव्हेंबर 1956 ला केंद्रशासित मुंबईऐवजी महाराष्ट्र-गुजरात एकत्र असं विशाल द्विभाषिक राज्य आलं, 1957 च्या निवडणुकीत समितीने काँग्रेसला घाम फोडला, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, मुंबईसह.

वाकडी वाट: न्यायालय

पाय थकले नसतील तर चौकातून उच्च न्यायालयाकडे वळा, पाच मिनिटं. 1878 ची गॉथिक इमारत. 1908 मध्ये लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला इथे चालला. जामिनासाठी मोहम्मद अली जिना उभे राहिले होते, तो मिळाला नाही. ज्यूरीत 9 जण, 7 युरोपियन आणि 2 पारशी, आणि निकाल 7 विरुद्ध 2. न्यायमूर्ती दावर यांनी 6 वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली, ती पुढे मंडालेच्या तुरुंगात भोगली. निकालानंतर गिरणी कामगारांनी 6 दिवस गिरण्या बंद ठेवल्या, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. याच कामगारांची पुढची पिढी 1955 ला फाउंटनला आली, असं मी पाहुण्यांना सांगते.

खटल्याच्या दालनाबाहेर टिळकांच्या निकालानंतरच्या उद्गारांची शिळा आहे. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी ती 1956 मध्ये बसवली. साल पुन्हा वाचा. त्याच वर्षी जानेवारीत बाहेर रस्त्यावर काय झालं होतं ते आपण आत्ताच बोललो. आत जाण्यासाठी ओळखपत्र लागतं, बॅग तपासतात, फोटो काढू देत नाहीत. दारावरच्या शिपायाशी नीट बोला. मला एकदा सोडलं नव्हतं, दुसऱ्यांदा सोडलं. पुढे हॉर्निमन सर्कल आणि टाऊन हॉलच्या पायऱ्याही आहेत, पण त्या दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. एका सकाळी सगळंच कोंबलं की घरी गेल्यावर फक्त पोटऱ्या आठवतात.

राहिलेलं अंतर

आता आजोबांनी दाखवलेली वाट. हे मी शेवटी ठेवते आणि कुणालाही चुकवू देत नाही.

1955 ला विधिमंडळ कुठे भरत होतं? आजचं विधान भवन 1981 चं. त्याआधी विधिमंडळाची जागा होती कौन्सिल हॉल, रीगल सिनेमाच्या चौकात. मुळात ती खलाशांसाठी 1876 मध्ये बांधलेली इमारत, सेलर्स होम. 1928 पासून तिथे कौन्सिल भरू लागलं. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. मोर्चा ज्या दारापर्यंत पोलिसांनी पोहोचू दिला नाही, त्या दाराच्या आत आता पोलीसच बसतात. यात कुणाचा कट नाही, जागा रिकामी झाली आणि दिली गेली. तरी पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प झाले होते.

स्मारकापासून निघा. महात्मा गांधी रस्त्याने दक्षिणेकडे सरळ. अंतर साधारण एक किलोमीटर, रमतगमत वीस मिनिटं. बरोबरच्या लोकांना सांगा की हा रस्ता त्या दिवशी त्यांना चालता आला नाही, आपण चालू. भाषण एवढंच, पुढे काही बोलू नका.

वाटेत काळा घोडा लागेल. ज्या घोड्यावरून नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा, 1965 मध्ये इथून हलवून राणीच्या बागेत नेला. 2017 मध्ये नवा घोडा आला, त्याच्या पाठीवर कुणीही नाही. राजा उतरवला आणि घोडा ठेवला, मुंबईला शोभेलसं. उजव्या हाताला डेव्हिड ससून वाचनालय, डाव्या हाताला जहांगीर कलादालन. सावलीत दोन मिनिटं टेका, पाणी प्या. पुढे वस्तुसंग्रहालयाची घुमटाची इमारत, आणि मग चौक उघडतो. मध्ये वेलिंग्टन कारंजं, एका बाजूला रीगल.

इथे एक खूण शोधा. रीगलसमोर मॅजेस्टिक नावाची जुनी, मनोरे असलेली इमारत आहे. एके काळी हॉटेल, नंतर आमदार निवास, खाली सहकारी भांडार. मी तिथून कितीदा किराणा घेतला असेल, पण नरिमन पॉइंटच्या आमदारांचा निवास इतक्या लांब, कुलाब्याच्या तोंडाशी का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. रस्ता ओलांडला की सभागृह होतं, हे त्याचं उत्तर. शहरात अशी उत्तरं उघड्यावर पडलेली असतात, प्रश्न आपल्याकडे नसतो.

मुख्यालयाच्या इमारतीचा फोटो काढायला जाऊ नका, पहारेकरी हटकतात. समोरच्या पदपथावरून बघा. दगडी कोरीवकाम दिसतं, तेवढं पुरे.

त्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा भाचीने मोबाईलमध्ये पावलं बघितली. म्हणाली, "चौदाशे बारा." नंतर ती नकळत फाटकाच्या फार जवळ जाऊन उभी राहिली. पहारेकरी पुढे आला.

"काय काम आहे?"

"काही नाही. इथपर्यंत यायचं होतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आलात ना? मग आता पलीकडे व्हा, गाडी यायची आहे."